हाताशी १५ लाख, मग ट्रेलर केवढ्याचा? जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी नाशिकच्या अनुभवातून

जुना ट्रेलर घ्यायला निघालेला माणूस आडगाव नाक्यावर उतरला की पहिला प्रश्न विचारतो, “केवढ्याला बसेल?” दलाल आकडा सांगतो, घासाघीस होते, लाखभर कमी होतात आणि माणूस खुशीत सगळी पुंजी टेकवून मोकळा होतो. दोन महिन्यांनी तीच गाडी एखाद्या ढाब्याशेजारी जॅकवर उभी असते. क्लच गेलेला, विमा संपत आलेला, मालकाकडे डिझेललाही पैसे नाहीत. तिसऱ्या हप्त्याला फायनान्सवाल्यांचे फोन सुरू होतात आणि पाचव्या-सहाव्याला गाडी पुन्हा त्याच दलालाकडे विकायला येते. बाजारात अशा निघालेल्या कितीतरी गाड्या मुळात वाईट नसतात. गाडीच्या आधी मालकाचे पैसे संपलेले असतात.

मी आजवर तीन जुन्या गाड्या घेतल्या. दोन नीट चालल्या, एकीत फसलो. पुढे लिहिलंय ते त्या तिन्हींतून आणि आमच्या मिस्त्रींच्या शिव्या खाऊन शिकलेलं आहे.

हिशेब उलटा मांडा

गाडीची किंमत धरून खर्चाकडे जाऊ नका. एकूण पैशातून खर्च आधी वजा करा, उरेल ती गाडीची किंमत.

समजा घरचे ७ लाख आहेत आणि ८ लाखांचं कर्ज मिळतंय. एकूण १५. आता वजाबाकी. विमा: ४० टनांवरच्या मालवाहू गाडीचा फक्त थर्ड पार्टीचा हप्ता २०२२ च्या दरपत्रकाप्रमाणे ४४,२४२ रुपये आहे. त्यावर जीएसटी आणि गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा धरला तर ७० हजार बाजूला ठेवा. टायर: कितीही चांगले दिसोत, पहिल्या तीन महिन्यांत सहा टायर बदलावे लागतील असंच धरा. वीस-पंचवीस हजारांच्या हिशेबाने १ लाख ४० हजार. नाव बदलणं, कर्जाची नोंद, परमिट, राहिलेला कर आणि एजंटची चहापाण्यासकटची फी मिळून ५० हजार. मिस्त्रीच्या हाताखालून एकदा गाडी काढायची, म्हणजे तेलं, फिल्टर, ब्रेक लायनर, ग्रीस, वायरिंग, त्याचे ६० हजार. झाले ३ लाख २० हजार.

यानंतरची रक्कम बहुतेक जण विसरतात. पहिला महिना-दीड महिना गाडी स्वतःच्या पैशावर पळवावी लागते. नाशिकहून न्हावा-शेवा जाऊन-येऊन ४०० किलोमीटरच्या आसपास. लोडवर साडेतीनचा अ‍ॅव्हरेज धरा, म्हणजे ११४ लिटर. नव्वद रुपये लिटरने डिझेलच दहा हजारांच्या वर गेलं. त्यात टोल, ड्रायव्हरचा भत्ता, वजनकाट्याचे पैसे. काही ट्रान्सपोर्टवाले अ‍ॅडव्हान्स देतात, पण बाकीचं भाडं कधी तीस दिवसांनी, कधी पंचेचाळीस. म्हणून किमान दीड लाख खेळतं भांडवल राखा.

पंधरातून पावणेपाच गेले, उरले सव्वादहा. तुमचं बजेट पंधराचं नाही, सव्वादहाचं आहे. हा आकडा कागदावर लिहून पाकिटात ठेवा. गाडी समोर दिसली की मन भुलतं, आणि नवा रंग मारलेला असला तर विचारूच नका.

माल कुठला, त्यावर गाडी ठरते

जे नवे आहेत त्यांच्यासाठी: ट्रेलर म्हणजे दोन वस्तू. पुढचा ओढणारा घोडा, ज्याला काही जण हॉर्स किंवा पुलर म्हणतात, आणि मागची ट्रॉली. दोन्हींची तब्येत वेगळी, वय वेगळं आणि पुष्कळदा कागदही वेगळे.

मॉडेलच्या नंबरातच बरंच काही लिहिलेलं असतं. ४०१८ मधले पहिले दोन आकडे साधारण एकूण वजनाचे टन, पुढचे दोन इंजिनाची ताकद, म्हणजे १८० हॉर्सपॉवर. जुना ३५१८ म्हणजे सहा टायरांचा घोडा आणि दोन अ‍ॅक्सलची ट्रॉली, एकूण १४ टायर. ४०१८ ला मागे तीन अ‍ॅक्सल, १८ टायर. ४९२३ किंवा ४९२८ ला घोड्यालाच दहा टायर, म्हणजे एकूण २२. जुलै २०१८ मध्ये केंद्राने अ‍ॅक्सलवरचा मंजूर भार वाढवला. त्यानंतर १४ टायरी ३५.२ वरून ३९.५ टनांवर, १८ टायरी ४०.२ वरून ४५.५ वर आणि २२ टायरी ४९ वरून ५५ टनांवर गेली. म्हणून २०१८ च्या मध्यावरच्या गाड्यांत एकसारख्या दिसणाऱ्या दोन ट्रेलरांच्या आरसीवर पाच टनांचा फरक सापडू शकतो. तुमच्यासाठी आरसीवरचाच आकडा खरा. “शेठ, सगळे भरतात” म्हणणाऱ्याला सांगा की कायद्यात ओव्हरलोडचा दंड २० हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार आहे, तो तू भरणार का?

कमी पैशात पहिली गाडी घेत असाल तर माझं मत १८ टायरी ४०१८ च्या बाजूने. २२ टायरीला भाडं जास्त मिळतं हे खरं, पण चार टायर आणि एक डिफरन्शियल जास्त सांभाळायचं. शिवाय टाटाच्या ३५१८-४०१८ मधलं कमिन्सचं इंजिन उघडलेला मिस्त्री मालेगावपासून शहापूरपर्यंत कुठेही भेटतो. भारतबेंझ चालवायला सुंदर गाडी आहे, ड्रायव्हर तिच्यावर खूश असतात. पण सुट्या भागांची किंमत आधी विचारून या, मग सुंदर म्हणा.

आता इंजिनाची पिढी. धुराच्या नियमांप्रमाणे एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४, एप्रिल २०२० पासून बीएस-६. बजेट तंग असलेल्याच्या वाट्याला बहुतेक २०१७ ते २०२० मधली बीएस-४ येते, आणि नाशिक–न्हावा-शेवा, सिन्नर-अंबडच्या कारखान्यांचा माल, पुणे, भिवंडी अशा कामाला ती पुरते. पण तुम्ही कांदा घेऊन दिल्लीला जाणार असाल तर थांबा. १ नोव्हेंबर २०२५ पासून दिल्लीबाहेर नोंदलेल्या बीएस-३ आणि त्याआधीच्या मालवाहू गाड्यांना दिल्लीत प्रवेश बंद झाला आणि बीएस-४ ला ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच सवलत मिळाली. लासलगाव-पिंपळगावचा माल आझादपूरला टाकणाऱ्याने आज बीएस-४ घेणं म्हणजे अर्धा धंदा सोडून देणं. उलट बीएस-६ घेताना धूर साफ करणाऱ्या युरियाची टाकी, पंप आणि धुराचा फिल्टर हे तिघं नीट आहेत का हे कंपनीच्या स्कॅनरवर बघितल्याशिवाय टोकन देऊ नका. तो फिल्टर गेला तर दुरुस्तीच्या आकड्याने पोटात गोळा येतो.

परमिटचं वयही लक्षात ठेवा. नॅशनल परमिट साध्या दोन अ‍ॅक्सलच्या गाडीला १२ वर्षांपर्यंत, मल्टिअ‍ॅक्सलला १५ वर्षांपर्यंत मिळतं. २०१३ ची गाडी स्वस्त दिसते ती उगाच नाही. कर्ज फिटेपर्यंत तिचं राज्याबाहेरचं आयुष्य संपलेलं असेल.

कागद आधी, लोखंड नंतर

गाडी बघायला जाण्याआधी मालकाकडून फक्त गाडीचा नंबर आणि चेसिस नंबरचे शेवटचे पाच आकडे मागा. द्यायला जो कुरकुर करतो त्याच्याकडे पेट्रोल जाळून जायची गरज नाही.

परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवर किंवा एम-परिवहन अ‍ॅपवर फिटनेस, कर, विमा, पीयूसी, परमिट कधीपर्यंत आहे, कर्जाचा बोजा कोणाचा आहे आणि गाडी ब्लॅकलिस्टला आहे का हे दिसतं. ई-चलन दोन ठिकाणी बघा, केंद्राच्या साइटवर आणि महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या साइटवर. एकीकडे कोरी दिसणारी गाडी दुसरीकडे तीस-चाळीस हजारांची निघालेली मी पाहिली आहे. गाडी चोरीच्या नोंदीत नाही ना, हे पोलिसांच्या डिजिटल पोर्टलवरून तपासता येतं.

फिटनेसचं गणित असं: गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. महाराष्ट्रात आठ वर्षं झालेल्या व्यावसायिक गाडीला पर्यावरण करही लागतो. साडेसात वर्षांची गाडी घेत असाल तर हे दोन्ही खर्च विकणाऱ्याच्या नाही, तुमच्या काळात येणार आहेत. भाव करताना हे बोला. फिटनेसला स्पीड गव्हर्नर, मागचा अंडररन गार्ड, रिफ्लेक्टर पट्ट्या आणि एचएसआरपी नंबरप्लेट लागतात. यातलं काय नाही ते मोजून ठेवा.

ट्रॉलीचे कागद वेगळे मागा. काही ट्रेलरांची नोंदणी घोडा-ट्रॉली मिळून एकत्र असते, काहींच्या ट्रॉलीला स्वतःचा नंबर आणि स्वतःची आरसी असते. दुसऱ्या प्रकारात घोडा एकाच्या नावावर, ट्रॉली त्याच्या मेहुण्याच्या नावावर, आणि मेहुण्याशी बोलणं बंद, असले प्रकार सापडतात. दोन्ही सह्या मिळाल्याशिवाय सौदा पुढे नेऊ नका.

चेसिस नंबर आरसीवर वाचून भागत नाही. घोड्याच्या फ्रेमवर, साधारण उजव्या बाजूला, तो ठोकलेला असतो. तिथलं ग्रीस पुसा, अक्षरं सारख्या खोलीची आहेत का बघा, पेन्सिलने छाप घ्या. टाटाचा नंबर एमएटी ने, अशोक लेलँडचा एमबी१ ने सुरू होतो. दहावं अक्षर बहुतेक वर्ष सांगतं: एच म्हणजे २०१७, जे २०१८, के २०१९, एल २०२०. गाडी २०१९ ची म्हणून विकतायत आणि दहावं अक्षर एच निघालं तर ती दोन वर्षं यार्डात उभी होती का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

नागालँड पासिंगचे ट्रेलर नाशिकच्या रस्त्यावर रोज दिसतात आणि भावात हलके वाटतात. गाडी इकडे नावावर करायची तर एनओसी तिकडून आणावी लागते, आणि इकडचा कर नव्याने. ज्याची पहिलीच गाडी आहे त्याने एमएच-१५ किंवा शेजारच्या एमएच-४१, एमएच-१७ पासिंगमध्येच शोधावं, असं मी म्हणेन.

पहाटे जा, इंजिन गार असताना

आदल्या दिवशी मालकाला सांगा, “भाऊ, मी यायच्या आधी गाडी चालू करू नका.” पोचल्यावर पहिल्यांदा इंजिनाला हात लावा. कोमट लागलं तर समजा की गार इंजिन सुरू होताना काहीतरी लपवायचं आहे. परत जा, दुसऱ्या दिवशी न सांगता या.

स्वतःचा मिस्त्री बरोबर न्या आणि त्याची हजेरी द्या. द्वारका, आडगाव, जत्रा चौफुलीच्या पट्ट्यात गॅरेजांची कमी नाही, पण दलालाने सुचवलेला मिस्त्री नको. तो वाईट असतो असं नाही, त्याला उद्याही त्याच दलालाकडून काम हवं असतं.

रेडिएटरचं झाकण गार असताना उघडा. पाण्यावर तेलाचा तवंग किंवा डिपस्टिकवर दुधाळ तेल म्हणजे हेड गॅस्केट नाहीतर त्याहून मोठं काही. तिथेच नमस्कार करा. इंजिन सुरू झाल्यावर पहिला पांढरा धूर मिनिटाभरात जायला हवा. निळा धूर राहिला तर तेल जळतंय. मग तेल भरायचं झाकण काढून उलटं ठेवा. आतून जोरात वाफ येऊन झाकण उडायला लागलं तर इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारतंय. लायनर-पिस्टनचं काम जवळ आलं, आणि त्यात सव्वादहाच्या हिशेबाचा बोऱ्या वाजतो. टर्बोचा पाइप काढून पात्याला बोटाने हलवा. गोल फिरावं, आजूबाजूला डुलू नये.

मग ब्रेकची हवा. हवेची टाकी पूर्ण रिकामी करून इंजिन सुरू करा आणि काटा आठच्या आसपास जायला किती वेळ लागतो ते बघा. भरल्यावर इंजिन बंद करून ब्रेक दाबून धरा, मिस्त्रीला गाडीच्या कडेने फिरायला सांगा. फुसफुस कुठून येते ते त्याला कळेल. काटा डोळ्यांदेखत उतरत असेल तर तो दोष स्वस्तात जाणारा असू शकतो, एखादं वॉशर, एखादी नळी. पण कसारा घाट उतरणाऱ्या गाडीत तो दुरुस्त केल्याशिवाय एक फेरीही मारायची नाही.

फ्रेमजवळ मात्र वेळ घालवा. खाली झोपा, टॉर्च मारा. स्प्रिंगच्या पाट्यांचे ब्रॅकेट जिथे फ्रेमला बसतात, क्रॉस मेंबर जिथे जोडलेत, फिफ्थ व्हीलची, म्हणजे घोड्यावर ट्रॉली जिथे अडकते त्या तबकडीची, प्लेट जिथे बोल्टने धरली आहे, या तीन ठिकाणी तडे जातात. कंपनीचे रिवेट जाऊन त्या जागी बोल्ट किंवा वेल्डिंग दिसलं, लांबलचक पट्टी मारलेली दिसली, तर गाडी एकदा तरी बसलेली आहे. नवा काळा रंग फक्त फ्रेमच्या एका हातभर भागाला असेल तर तिथेच नखाने खरवडा.

चाकांच्या नटांभोवती गंजाच्या उभ्या रेघा दिसल्या तर नट ढिले राहिलेत. टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली असून तारीख सात वर्षांपूर्वीची असेल तर ते रिमोल्ड, म्हणजे जुन्या टायरवर नवं रबर चढवलेलं, आहे की नुसतं उभं राहून सुकलेलं रबर, हे विचारा. मागे रिमोल्ड चालतं, आम्हीही लावतो. स्टिअरिंगच्या पुढच्या दोन चाकांना कधीच नाही.

बीएस-४ असो की बीएस-६, स्कॅनर लावून फॉल्ट कोड काढा. ज्यांना युरिया लागतो अशा गाड्यांत तो बायपास केलेला सापडतो. मालक अभिमानाने सांगतो, “युरियाचा खर्चच नाही!” पीयूसीला आणि फिटनेसला तो खर्च तुमच्यासमोर उभा राहील.

ट्रॉलीकडे कोणी बघत नाही

सगळे घोड्याभोवती फिरतात आणि ट्रॉलीला लाथ मारून “ठीक आहे” म्हणतात. खरं तर ट्रॉलीतला दोष टायर खातो, म्हणजे दर महिन्याला खिसा कापतो.

पहिल्यांदा किंगपिन. हा घोड्याच्या पुढच्या चाकांतला किंगपिन नव्हे, ट्रॉलीच्या तोंडाखालचा खिळा, ज्याला घोडा धरतो. दोन इंची पिन नवी असताना ५०.८ मिलिमीटर असते. झिजून ४९ वर आली की बदलायची. साध्या व्हर्नियरने मोजता येते, मिस्त्रीकडे नसेल तर लेथवाल्याकडून मागून आणा. मग ट्रॉली जोडून, फक्त तिचा ब्रेक लावून, घोडा हलकेच पुढेमागे करा. ‘ठक’ असा जड आवाज आला तर पिन किंवा फिफ्थ व्हीलचा जबडा, दोघांपैकी एक सैल आहे.

ट्रॉलीचा वाकलेला गळा, म्हणजे पुढे जिथे ती उंच होते तो भाग, तड्यांसाठी बघा. सपोर्टचे पाय हँडलने खालीवर करून बघा. कंटेनरचं काम करणार असाल तर ट्विस्ट लॉक एकेक फिरवून बघा, आणि २० फुटी दोन व ४० फुटी एक असे दोन्ही बसतात का हे विचारा. टायर आतल्या कडेने झिजले असतील तर अ‍ॅक्सल सरळ नाहीत. मागे उभं राहून एका डोळ्याने रेषा धरली तरी कळतं.

शेवटी रिकामी गाडी वजनकाट्यावर न्या. शंभर-दीडशे रुपयांत दहा हजारांची माहिती मिळते. आरसीवर रिकामं वजन १४.२ टन आणि काट्यावर १५.६ आलं, तर कोणीतरी ट्रॉलीला वरून लोखंड चढवलंय, आणि तुम्ही आयुष्यभर दर फेरीला १.४ टन भाडं त्या लोखंडाला देणार आहात.

लोडवर चढ

रिकामी गाडी सगळ्यांचीच चांगली चालते. मालकाच्या पुढच्या भाड्याला तुमचा ड्रायव्हर शेजारी बसवा, डिझेलमध्ये थोडा वाटा द्या. आग्रा बाजूने येणारी असेल तर चांदवडजवळचा राहुड घाट पुरतो, मुंबईहून येणारी असेल तर कसारा. चढाला कुठला गिअर उडतो का, क्लच जळका वास देतो का, पाण्याचा काटा कुठे थांबतो, डिफरन्शियल रडतं का. आमच्या मिस्त्रींचं एकच सांगणं असतं, “गिअर उडाला की हात लावू नको, आकडा लक्षात ठेव.” चौथा उडतो हे कळलं की भावात ती खूण कामाला येते. उतरल्यावर प्रत्येक हबजवळ हाताची पाठ नेऊन बघा. एकच हब भाजण्याइतका तापला असेल तर बेअरिंग किंवा धरलेला ब्रेक.

जून २०२५ मध्ये समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून मुंबईला जाता-येता कसारा घाट टाळता येतो. म्हणून काही विकणारे चाचणीला गाडी समृद्धीवर घालायचा आग्रह धरतात. मऊ चढावर म्हातारा घोडाही तरणा वाटतो.

सौदा

पावसाळा हा घेणाऱ्याचा हंगाम. कामं थंड असतात, हप्ते थकतात, गाड्या निघतात. दिवाळीनंतर कांदा हलू लागला आणि जानेवारीपासून द्राक्षाचे कंटेनर सुरू झाले की मालक ताठ होतात. दुसरा मुद्दा बोलायला विसरू नका: २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या ट्रकवरचा आणि टायरांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. नवी गाडी स्वस्त झाली म्हणजे जुनीचा भावही उतरायला हवा. त्याआधीचा भाव सांगणारे अजून भेटतात.

आता मी फसलो ती गोष्ट. दुसरी गाडी घेताना सगळं नीट पाहिलं होतं. टायर तर असे, की त्यांच्याकडे बघूनच तीस हजार वाढवून दिले. टोकन दिलं, आठ दिवसांनी ताबा घ्यायला गेलो. गाडी धुऊन-पुसून, लिंबू-मिरची बांधून उभी. घरी आणून दुसऱ्या दिवशी हवा तपासायला बसलो तर मागचे आठ टायर वेगळे. बॅटऱ्याही वेगळ्या. विकणाऱ्याचं उत्तर तयार होतं, “तुम्ही पाहिले तेच आहेत.” माझ्याकडे ना फोटो, ना लिहिलेलं. दीड लाख गेले.

तेव्हापासून सौदापावती ५०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर करतो आणि तीत प्रत्येक टायरचा नंबर, दोन्ही बॅटऱ्यांचे नंबर, जॅक-पाना-स्टेपनी-ताडपत्री, ट्रॉलीचा चेसिस नंबर, हे सगळं उतरवतो. विकणाऱ्यासमोर व्हिडिओ काढतो. ताब्याची तारीख आणि वेळही घालतो. त्या मिनिटाआधीची सगळी चलनं, अपघात, पोलीस केस, कर विकणाऱ्याचे आणि पुढचे माझे, असं स्पष्ट वाक्य. पैसे बँकेतून. टोकन कमी, आणि थोडी रक्कम, निदान पन्नास हजार, नाव बदलून आरसी हातात येईपर्यंत राखून.

कर्जाची भाषा

फायनान्सवाला ‘दहा टक्के’ म्हणतो तेव्हा विचारा, फ्लॅट, म्हणजे शेवटपर्यंत मूळ रकमेवर, की घटत्या शिलकीवर? ८ लाखांवर तीन वर्षं फ्लॅट दहा टक्के म्हणजे व्याज २ लाख ४० हजार, हप्ता २८,८८९. घटत्या शिलकीवर हाच हप्ता जवळजवळ अठरा टक्क्यांचा असतो. दुसरीकडे कोणी सरळ ‘सोळा टक्के घटत्या’ म्हणाला तर त्याचा हप्ता २८,१२५ च्या आसपास येतो. ऐकायला सोळा महाग, खिशाला स्वस्त. प्रोसेसिंग फी, सक्तीचा आयुर्विमा, आधी फेडल्यास दंड, हे तिन्ही आकडे लेखी घ्या.

जप्त केलेल्या गाड्यांच्या लिलावात भाव चांगला मिळू शकतो, पण तिथे लोडवर चाचणी नाही आणि चलनं, कर बहुतेक तुमच्या गळ्यात. मिस्त्री घरचा असेल तरच जा.

नाव बदलणं

विकणाऱ्यावर बोजा असेल तर त्याच्या फायनान्सची एनओसी आणि बोजा उतरवण्याचा सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ आधी. एनओसीची मुदत सहसा तीन महिने असते, जुनी असेल तर नवी मागवा. मग फॉर्म २९ आणि ३०, ज्यांना बाजारात टीटी फॉर्म म्हणतात. तुमच्या कर्जासाठी फॉर्म ३४. दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. मालक वारलेला असेल तर वारसांचा फॉर्म ३१ आधी, लिलावातली असेल तर फॉर्म ३२. अर्ज ऑनलाइन भरून कागद पेठ रोडच्या आरटीओत. खरेदीपासून ३० दिवसांत अर्ज जायला हवा.

कोऱ्या तारखेचे सही केलेले टीटी फॉर्म खिशात ठेवून वर्षभर जुन्या नावावर गाडी पळवणारे आहेत. कर वाचतो म्हणतात. मधे विकणारा वारला, नाहीतर त्याच्या दुसऱ्या कर्जापायी बँक या गाडीवर आली, की तुमच्याकडे दाखवायला फक्त किल्ली असते. आणि विकणारेही घाबरून असतात, कारण २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलंय की कागदोपत्री ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईला तोच मालक.

विमा: थर्ड पार्टीचं संरक्षण गाडीबरोबर येतं, पण तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा तुमच्या नावावर पॉलिसी नसेल तर अडकतो. १४ दिवसांत विमा कंपनीला कळवा. आधीच्या मालकाचा नो-क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तेवढा फरक भरावा लागेल. परमिट आपोआप येत नाही, त्याची बदली वेगळी किंवा जुनं सरेंडर करून नवं. विकणाऱ्याचा फास्टॅग त्याच्याकडून बंद करून घ्या, नाहीतर एका गाडीवर दोन टॅग होऊन टोलवर भांडण.

करासाठी एक ओळ: दहापर्यंत गाड्या असणाऱ्याला अनुमानित उत्पन्नाची सोय आहे, जड गाडीला दर टनाला महिना १,००० रुपये धरून. ट्रान्सपोर्टरला पॅन आणि दहापेक्षा जास्त गाड्या नसल्याचं डिक्लरेशन दिलं की तो भाड्यातून टीडीएस कापत नाही. बाकी सीएला विचारा.

पहिल्या तीन फेऱ्या

लांबचं भाडं घेऊ नका, कितीही चांगलं असलं तरी. सिन्नर, अंबड, भिवंडी, असं घरापासून एका दिवसात मिस्त्री पोचेल इतकंच. निघाल्यावर शंभर किलोमीटरवर थांबून सगळे नट पान्याने तपासा. प्रत्येक फेरीनंतर इंजिन ऑइल, पाणी आणि डिझेल वहीत लिहा. दोन फेऱ्यांत तेल किती उतरलं हे तिसऱ्या फेरीला कळलं, तर गाडी अजून घरच्या अंगणात आहे आणि राखलेले दीड लाखही.